रिपोर्टचं दुसरं पान

सोपानमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात एका बाईंचा दंड होता. भोरला आमची छोटी लॅब आहे. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांची रांग साडेनऊपर्यंत चालते. सुई शिरेत गेली होती, नळीत रक्त उतरत होतं आणि टेबलावर मोबाईल थरथरत कडेकडे सरकत होता. त्यावर इंदूमामीचं नाव दिसलं आणि मला कळलं. मामी स्वतःहून कधी फोन करत नाही. तिला बोलायचं असलं की मामाच नंबर लावून तिच्या हातात देत. मी नळी भरू दिली, सुई काढली, बाईंना कापूस दाबून धरायला सांगितला, नळीवर नाव लिहिलं... मग फोन घेतला. "मीने, तुजं मामा गेलं गं," एवढंच ती म्हणाली.

भोरहून गुंजवण्याला जायचं तर आधी कापूरहोळला यायचं, तिथून हायवेने नसरापूर आणि मग वेल्ह्याच्या रस्त्याला आत वळायचं. नवरा गाडी चालवत होता आणि मी मागे बसून गावं बघत होते. त्या रस्त्यावर असं एकही गाव नाही जिथे मामांनी चूल मांडली नाही. मामा आचारी होते. लग्नं, साखरपुडे, जत्रा, शाळांची स्नेहसंमेलनं, अगदी दशक्रियाविधीची जेवणंसुद्धा. त्या दिवशी अंगणात जमलेल्या बायका त्यांच्याबद्दल बोलत होत्या ते सगळं खाण्याचंच होतं. "माज्या थोरलीच्या लग्नात वांग्याची भाजी केलती, आजून तसली खाल्ली न्हाई," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "आमच्याकडं पाव्हणं दुप्पट आलं, पण पान रिकामं ऱ्हायलं न्हाई." मला वाटलं, यातलं एक अक्षर जरी मामांच्या कानावर गेलं असतं तरी ते लाजून चुलीमागे जाऊन उभे राहिले असते.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. गुंजवणी धरणात त्यांची भाताची खाचरं गेली तेव्हा ते तिशीत होते. बदली जमीन लांब कुठेतरी मिळाली, ती काही त्यांच्या मनात भरली नाही. मग पुण्यात एका आचाऱ्याच्या हाताखाली चार वर्षं काढली आणि स्वतःची कढई, झारे, पातेली घेऊन गावी परतले. बोलणं कमी, अंगाने सडसडीत, दोन्ही हातांवर तेलाच्या थेंबांचे पांढरे डाग. चव घ्यायची झाली तर डावातला एक थेंब तळहाताच्या मागच्या बाजूला टाकत, तो चाटत आणि डोळे मिटून क्षणभर उभे राहत. आजूबाजूला कितीही गोंधळ असो, त्या क्षणी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. वाढपे, भांडी घासणाऱ्या बाया, बँडवाले यांना गरम जेवण मिळालं की नाही हे ते स्वतः बघत आणि त्यानंतर चुलवणापाशी उकिडवे बसून जेवत.

माझं लग्न भोरला झालं. स्वयंपाक मामांचाच होता. दिवसभर मला ते एकदाही दिसले नाहीत. आहेराला बोलावलं तर "हात खरकटा हाय" म्हणून निरोप आला. सासरी निघताना मात्र गर्दीतून वाट काढत आले. धुराने डोळे लाल झालेले. माझ्या हातात केळीच्या पानाची एक गरम पुडी ठेवली आणि परत चुलीकडे गेले. गाडीत उघडून पाहिलं तर मसालेभाताची खरवड. पातेल्याच्या बुडाशी लागलेला तो करपट, तेलकट, खरपूस थर मला लहानपणापासून आवडायचा. शालू सांभाळत, रडत रडत मी ती सगळी खाल्ली. नवरा बघत राहिला होता.

मी लॅबचं शिक्षण घ्यावं हे घरात पहिल्यांदा म्हणाले तेही मामाच. म्हणून नऊ वर्षांपूर्वी ते लॅबच्या दारात उभे राहिले तेव्हा मला आधी आनंद झाला आणि मग त्यांचा चेहरा दिसला. भाजलेल्या पापडासारखा फिका. जिना चढून आले होते आणि धापा टाकत होते. मी पापणी खाली ओढून पाहिली, आत लाली नव्हतीच. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहाच्याही खाली. मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा लावलं, आकडा तोच. "मामा, शौचाला काळं होतं का?" मी विचारलं. ते खिडकीबाहेर बघू लागले. "भाचीला काय सांगायचं त्ये," म्हणाले. होत होतं, दोन महिने, म्हणजे पोटात आतून रक्त जात होतं. ऐन लग्नसराईत कुणाला सांगणार म्हणून गप्प बसले होते.

भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं. जठराच्या वरच्या भागात लिंबाएवढा एक उंचवटा दिसला, वरून गुळगुळीत, मध्ये एक लहानशी जखम. तिथला तुकडा काढून तपासायला दिला. आठ दिवसांनी रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. त्या सकाळी लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका हाताने मी फाईल उघडली. पहिल्या पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की तुकड्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. मला तेवढंच हवं होतं. मी तिथूनच मामांना फोन लावला. ते भाटघरला एका लग्नात बुंदी पाडत होते. मागे सनई चालू होती, मला ओरडून सांगावं लागलं, "मामा, काही नाही! रिपोर्ट क्लिअर आहे!" त्यांनी तिथूनच मामीला हाक मारली, ती कांदे-बटाटे बघायला त्यांच्याबरोबर असायची, आणि मला तिचं हसू फोनवर ऐकू आलं. डॉक्टरांनाही मीच फोन करून कळवलं. त्यांनी जखमेवरच्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. संध्याकाळी मामा गरम बुंदीचा डबा घेऊन लॅबमध्ये आले, तिथे बसलेल्या प्रत्येक पेशंटला त्यांनी मूठमूठ वाटली. मधुमेह तपासायला आलेल्यांनाही.

गोळ्यांनी रक्त वाढलं, चेहऱ्यावर रंग आला आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो.

चौदा महिन्यांनी मार्गासनीच्या एका लग्नात मामांना रक्ताची उलटी झाली. अक्षता पडायच्या होत्या. त्यांनी उलटीवर चुलीतली राख टाकली, शेजारच्या माणसाला म्हणाले, "मांडवात कुनाला बोलू नगं. पयली पंगत उटू दे." आणि खरोखरच पहिली पंगत उठेपर्यंत ते खांबाला टेकून बसून राहिले, बसल्या जागेवरून मठ्ठ्यात मीठ किती ते सांगत. मग भांड्यांच्या टेम्पोत झोपवून त्यांना नसरापूरला आणलं, तिथून ॲम्ब्युलन्सने पुण्याला.

रक्ताच्या बाटल्या चढल्या, पुन्हा दुर्बीण झाली. या वेळी दुर्बिणीच्या टोकाशी सोनोग्राफी असलेली. गाठ मोसंब्याएवढी झाली होती. सर्जन बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी जुने कागद मागितले. मी तो रिपोर्ट छापून फाईलला लावला होता. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि उलटलं. दुसऱ्या पानावर चार ओळी होत्या. तपासलेला तुकडा फक्त वरच्या अस्तराचा आहे, गाठ अस्तराच्या खाली असण्याची शक्यता आहे, दुर्बिणीतून सोनोग्राफी करून खोलवरचा नमुना घ्यावा. बाईंनी त्या मोठ्याने वाचल्या. "हे तेव्हाच लिहिलं होतं की. मग पुढची तपासणी का नाही केलीत?"

मामी बाहेर औषधं आणायला गेली होती. मामांनी माझ्याकडे बघितलं.

बाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी एका कागदावर जठर काढलं, त्याची भिंत थराथरांची असते हे दाखवलं. नेहमीचा कॅन्सर अस्तरातच उगवतो, तो तुकड्यात सापडतो. ही गाठ खालच्या, स्नायूच्या थरात वाढते आणि वरचं अस्तर ताणून गुळगुळीत राहतं. मामा कागद बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हंजी पुरनपोळीगत. वरनं चिमटा काढला तर पिटाचाच तुकडा हातात यायचा." बाई थबकल्या आणि म्हणाल्या, "काका, अगदी बरोबर."

त्या दुपारी मामांच्या खाटेपाशी मी सांगितलं, "मामा, दुसरं पान मी वाचलंच नव्हतं." मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे. ते म्हणाले नाहीत. भिंतीकडे तोंड करून "जा, च्या पिऊन ये" एवढंच म्हणाले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मामीशी बोलत, नर्सशी बोलत, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आमटीला फोडणी कशी द्यावी ते सांगत. मी आले की डोळे मिटून घेत. मी जिन्यात जाऊन बसायची. ज्या माणसाने मला या कामाला लावलं त्याचाच कागद मी अर्धा वाचला होता, आणि पेशंटला मी रोज बजावत असे की आकड्यांखालची टीप बघत जा...

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. मामी आंघोळीला गेली होती.

"मला दोन दिस लई राग आला व्हता," ते म्हणाले.

"हो मामा."

"आजून थोडा हाय. पन तू मामीला ह्ये सांगू नगंस. ती तुज्यासंगं बोलायची बंद हुईल. आन मंग माजं रिपोर्ट कोन वाचंल?"

मी रडायला लागले तर म्हणाले, "आता वाच म्हंजी झालं. समदं वाच."

जठराचा वरचा मोठा भाग काढावा लागला. या गाठीला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, डॉक्टर त्याला नुसतं 'जिस्ट' म्हणतात. मामा 'जीस' म्हणायचे, एखाद्या पाहुण्याचं नाव घेतल्यासारखं. तपासणीत ती पुन्हा उगवण्याचा धोका जास्त निघाला, म्हणून रोज एक गोळी सुरू झाली. उरलेल्या लहानशा पोटात एका वेळी वाटीभरच अन्न मावायचं, त्यामुळे दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. शेकडो पानं वाढणाऱ्या माणसाला डाळ-भाताची एक वाटी संपवायला वीस मिनिटं लागत. गोळीने जिभेची चव उतरली, मीठ कळेना. मग ते वासावर स्वयंपाक करायला शिकले. फोडणीवर वाकून हुंगत आणि शेवटच्या मिठाला मामीच्या तळहातावर थेंब टाकून तिच्या तोंडाकडे बघत. सकाळी डोळ्यांभोवती सूज असायची, हाही त्या गोळीचाच गुण. लोक विचारत, "सोपानराव, रडलाय काय?" ते म्हणत, "कांदं कापलं."

अशी सात वर्षं चांगली गेली. मोठी लग्नं सोडली, पण लहान कार्यं घेत राहिले. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला माझ्याकडे येत, सहा महिन्यांनी पुण्याला स्कॅन होई. रिपोर्ट आला की आम्ही दोघं लॅबच्या आतल्या खोलीत बसायचो आणि मी तो त्यांना मराठीत करून वाचून दाखवायची. पहिल्या ओळीपासून, नाव, वय, मशीनची जात, सगळं. "ह्याच्या फुडं?" ते विचारत. मी म्हणायची, "संपलं." ते म्हणत, "मागं?" मी पान उलटून दाखवायची, कोरं असायचं. एकदा मागच्या बाजूला नुसती छपाईच्या शाईची रेघ होती, तर ती काय आहे तेही त्यांनी विचारलं. टोमणा होता का? पहिलं वर्षभर मला तसं वाटायचं आणि मी आतून आकसून जायची. नंतर कधीतरी लक्षात आलं की ते हसतायत.

मी सर्जन बाईंना एकदा एकटीने भेटून विचारलं होतं की चौदा महिने आधी काढली असती तर... "लहान असताना काढलेली बरी, हे खरंच आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या मामांच्या बाबतीत किती फरक पडला असता ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही." मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग तुबी सांगू नगंस सोताला."

आठव्या वर्षी यकृतात डाग दिसले. ती ओळ मी दोनदा वाचली. मामांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी राहिलेलं वाचलं. दुसरी गोळी झाली, काही महिने बरे गेले, मग तीही चालेना. शेवटची भेट ते जायच्या तीन दिवस आधीची. ओसरीवर खाटेवर होते, पोट फुगलेलं, हातपाय काड्या. खाणं जवळजवळ बंद होतं. मी आदल्या दिवशी नसरापूरला लग्नाला जाऊन आले होते. "काय काय व्हतं?" त्यांनी विचारलं. मी सांगत गेले, मसालेभात, जिलेबी, मटकी, मठ्ठा... ते डोळे मिटून ऐकत होते, पूर्वी चव घेताना मिटत तसे. "मठ्ठ्यात आलं किसून व्हतं का ठेचून?" मी म्हटलं, मामा, लक्ष नाही दिलं. "बगत जावं गं," ते म्हणाले, आणि त्यांचा डोळा लागला. हेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

त्यांच्यावर काही लिहावं असं मनात आलं आणि मी पहिल्याच पानावर अडले. दुसऱ्या पानाची गोष्ट वगळून मामांबद्दल काय लिहिणार? आणि ती लिहायची तर मामीला छापील कागदावरून कळणं बरं नव्हतं. ते जाऊन महिना झाला होता. मी एका रविवारी एसटीने गुंजवण्याला गेले. मामी अंगणात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. फोन, बुंदी, चौदा महिने, ऑपरेशनची सकाळ.

तिचे हात थांबले. "त्यास्नी ठावं व्हतं?"

"हो."

"सात वरीस?"

"हो मामी."

तिने सूप उचललं, तांदूळ पुन्हा डब्यात ओतले. आत गेली. मी बराच वेळ बसले. मग आतूनच आवाज आला, "तुजी यस्टी यायची झाली आसंल. जा." ती दारापर्यंत आली नाही. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

दहा-बारा दिवस गेले. मी फोन करायची, ती उचलायची नाही. मग मागच्या मंगळवारी सकाळी लॅबच्या जिन्यावर सावकाश पावलं वाजली आणि मामी दारात उभी. गुंजवण्याहून भोरपर्यंत ती एकटीने कधी आली नव्हती. दोन गाड्या बदलून आली होती. रांगेतल्या बाकावर बसली, नंबर आला तशी खुर्चीत येऊन बाही वर केली. "चार दिस चक्कर येतीया. रगात बग."

मी म्हटलं, "मामी, हवं तर दुसऱ्या मुलीला सांगते..."

"तूच काड."

मी नळीवर तिचं नाव लिहिलं, दंडाला पट्टा बांधला. शीर दोनदा चाचपून पाहिली. मामी माझ्या हाताकडे बघत राहिली. मी रक्त काढलं. ती पुन्हा बाकावर जाऊन बसली. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, बाकी ठीक होतं. मी तिला आतल्या खोलीत नेऊन ते सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ती म्हणाली, "अकरा वाजलं," आणि पिशवीतून डबा काढला. त्यात झाकण लावलेल्या दोन वाट्या होत्या. मऊ भात, वर तूप आणि मेतकूट.

"यकट्याफुडं वाटी ठिवली की त्यास्नी आजारी असल्यागत वाटायचं," ती वाटीचं झाकण काढत म्हणाली. "म्हून म्या बी वाटीच घ्यायची. दिसातनं सा डाव, सात वरीस. आता ताट वाडून घेतलं तर निम्मं ऱ्हातंय. भूक बी त्यांच्याच येळंला लागती."

मला हे माहीत नव्हतं. मामांनी कधी सांगितलं नव्हतं, मामीनेही नाही. तिने दुसरी वाटी माझ्याकडे सरकवली. बाहेर तीन पेशंट बसले होते. मी दार लोटून घेतलं आणि तिच्याशेजारी स्टुलावर बसले. आम्ही दोघी सावकाश, घास घास करत जेवलो. वाटी संपल्यावर मी ती धुवायला उचलली तर मामीने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे हितंच," ती म्हणाली. "यक वाजता परत खायाचं हाय."